कळ कोण दाबतो? एटापल्लीच्या अरण्यातून दिसणारा कॅमेऱ्याच्या शटर रिलीजचा इतिहास

१/२२
कॅमेऱ्याची कळ तारेच्या रिलीजने दाबावी की विजेच्या? प्रश्न वरवर पाहता दुकानाच्या काउंटरवरचा वाटतो. तारेचा रिलीज स्वस्त आणि साधा, विजेचा सोयीचा आणि नाजूक. खिसा पाहावा आणि निवडावे. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या अरण्यप्रदेशात हाच प्रश्न विचारला, की त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा असलेला दिसतो. छायाचित्र निघते त्या क्षणी तिथे माणूस हजर असतो का? आणि नसेल, तर त्या छायाचित्राची जबाबदारी कोणाची? या दोन प्रश्नांच्या इतिहासाचा हा धागा.

२/२२
आधी भूमी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. एटापल्ली हा त्यातील दक्षिण-पूर्वेचा, छत्तीसगडला लागून असलेला तालुका. साग, ऐन, मोह, बांबू यांचे दाट रान आणि त्यात वसलेली माडिया गोंडांची गावे. अशा रानात भर दुपारीही झाडांखाली उजेड कमी असतो. शटर पाव किंवा अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात बोटाच्या दाबाने कॅमेरा किंचित जरी हलला तरी चित्र पुसट होते. रिलीज नावाच्या उपकरणाची पहिली गरज ती हीच.

३/२२
दोन शब्दांची येथे गल्लत होते, ती आधीच दूर केलेली बरी. ‘शटर’ म्हणजे प्रकाश आत सोडणारा आणि अडवणारा पडदा. ‘रिलीज’ म्हणजे त्या पडद्याला सुटण्याचा हुकूम देणारी योजना. हुकूम यांत्रिक असू शकतो, म्हणजे तारेच्या किंवा दोरीच्या ओढीने दिलेला. अथवा विद्युत असू शकतो, म्हणजे तारेतून, अवरक्त किरणांनी किंवा रेडिओलहरींनी पोहोचवलेला. पडदा यांत्रिक आणि हुकूम विद्युत, किंवा याच्या उलट, अशीही जोडी जमते. या धाग्यात मुख्यतः हुकुमाचा विचार आहे.

४/२२
१८३९ मध्ये दागेरची पद्धत जगापुढे आली तेव्हा रिलीज नव्हता आणि बहुतेक कॅमेऱ्यांना शटरही नव्हते. छायाचित्रकार भिंगावरची टोपी काढी, मनात आकडे मोजी आणि टोपी पुन्हा बसवी. हातच शटर आणि हातच घड्याळ. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या क्रियाशील सभासदांपैकी होते आणि त्यांनी मुंबईतील विविध जातिजमातींची छायाचित्रे काढली. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग निघाले. तेथेच शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

५/२२
त्या काळची ओल्या काचेची पद्धत मोठी कडक होती. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायचे. साराच कारभार काही मिनिटांचा. विदर्भाच्या उन्हाळ्यात रसायन किती झपाट्याने सुकत असेल, याची कल्पना करता येते. अंधाराचा तंबू आणि बाटल्यांच्या पेट्या बरोबर वागवाव्या लागत. त्यातून ज्याचे चित्र घ्यायचे त्याने सेकंदच्या सेकंद निश्चल राहणे आवश्यक होते. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या ८ खंडांत माणसे ताठ, थिजल्यासारखी दिसतात, त्याचे एक कारण हे. वाघाला तर ‘हलू नकोस’ असे सांगण्याची सोयच नव्हती.

६/२२
१८७१ मध्ये इंग्रज डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दशकात त्या काचा कारखान्यांतून तयार मिळू लागल्या. त्या इतक्या संवेदनशील होत्या की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटे, आणि तेथे हात हरला. टोपी काढून पुन्हा बसवण्याइतकाही अवधी उरला नाही. स्प्रिंगचे शटर अपरिहार्य झाले आणि ते न हलवता सोडण्यासाठी रबरी नळी आली. नळीच्या टोकाचा फुगा मुठीत दाबला की हवेच्या दाबाने शटर सुटे.

७/२२
त्या फुग्याला इंग्रजीत ‘बल्ब’ म्हणत. फुगा दाबून ठेवला तोवर शटर उघडे, सोडला की बंद. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर दिसणारे ‘बी’ हे अक्षर, म्हणजेच ‘बल्ब मोड’, त्या रबरी फुग्याचीच आठवण आहे. त्याचा विजेच्या दिव्याशी काहीही संबंध नाही. आकाशातील ताऱ्यांच्या रेषा टिपणारा आजचा तरुण जेव्हा ‘बल्ब’ निवडतो, तेव्हा तो नकळत एकोणिसाव्या शतकातील मुठीचा वापर करत असतो.

८/२२
विजेचा रिलीज हा अलीकडचा शोध, असा एक समज आहे. तो खरा नाही. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची चित्रे घेण्यासाठी मार्गालगत १२ कॅमेऱ्यांची रांग लावली. एका प्रयोगात घोडागाडीचे चाक जमिनीवरील तारांवरून गेले की विद्युतमंडल पूर्ण होई. दुसऱ्यात धावणारी घोडी आडवे ताणलेले दोरे तोडत जाई. दोन्हीकडे विद्युतचुंबक शटर सोडत. येथे चित्र काढणाऱ्याने कळ दाबलीच नाही, ती घोड्याने दाबली. पुढच्या साऱ्या अरण्य-छायाचित्रणाचे बीज या प्रयोगात आहे.

९/२२
यांत्रिक बाजूही स्वस्थ बसली नव्हती. १८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडन यांनी एका लवचीक तारेचे पेटंट घेतले. वेटोळ्याच्या आवरणातून आतली तार सरकते आणि वळणावळणांतूनही ओढ किंवा दाब पोहोचवते. सायकलचा ब्रेक आजही याच तत्त्वावर चालतो. त्याच तत्त्वाचे छोटे रूप म्हणजे कॅमेऱ्याचा केबल रिलीज. एका टोकाला अंगठ्याने दाबायची खुंटी, दुसऱ्या टोकाला आटे आणि आत सरकणारी बारीक सुई. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो बिघडला तर काय बिघडले ते डोळ्यांना दिसते.

१०/२२
हाताच्या रिलीजने काय साधता येते, याचे सर्वांत सुंदर मराठी उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर, भांडवलदारांना चलच्चित्राची शक्ती पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, अंकुर फुटला, वेल वाढला. हाच तो ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट. आज हे काम ठरावीक अंतराने आपोआप संकेत देणारा विद्युत रिलीज करतो. फाळक्यांकडे ते यंत्र नव्हते. रोज न चुकता कॅमेऱ्यापाशी जाणे, हेच त्यांचे यंत्र. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, त्याच्या आधीची ही तपश्चर्या.

११/२२
वाटाण्याच्या वेलापाशी रोज जाता येते, रात्री फिरणाऱ्या प्राण्यापाशी नाही. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी यावर उपाय शोधला तो शिकाऱ्यांच्या विद्येत. ओजिब्वे या आदिवासी समाजाची, नावेत आग पेटवून रात्री प्राण्याचे डोळे चमकवण्याची रीत त्यांनी उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. पुढे आडवी तार बांधून, प्राण्याच्याच धक्क्याने शटर आणि प्रकाशचूर्ण उडवण्याची युक्ती त्यांनी वापरली. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली.

१२/२२
ही युक्ती भारतीय वाचकाला परकी वाटू नये. सावजाने स्वतःच्याच पावलाने फास ओढून घ्यावा, ही विद्या येथील रानांत फार जुनी आहे. फासेपारधी या जमातीचे नावच तिच्यावरून पडले. तारेचा कॅमेरा म्हणजे जीव न घेणारा फास. आज वनविभागात आणि वर्तमानपत्रांत सर्रास वापरला जाणारा ‘कॅमेरा ट्रॅप’ हा शब्दही मुळात सापळ्याचाच आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळांची नावे नोंदली जातात. अरण्यवासीयांचे ज्ञान त्यात मुरलेले असूनही त्याची नोंद क्वचितच होते.

१३/२२
भारतात ही तार वाघाच्या वाटेवर आली ती एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्यामुळे. संयुक्त प्रांतातील हे वनाधिकारी बंदूक बाजूला ठेवून जंगलवाटेवर तार ताणत आणि मॅग्नेशियमच्या झोतात वाघाचे चित्र घेत. १९२७ मध्ये त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झाले. वाघाला मारून त्याच्यावर पाय ठेवून छायाचित्र काढण्याचा तो जमाना होता. अशा काळात जिवंत, चालता वाघ त्याच्याच वाटेवर दाखवणारी ही चित्रे होती. कळ वाघाने दाबली असली, तरी तार कोठे बांधायची हे वाटांचा अभ्यास केलेल्या माणसाने ठरवले होते.

१४/२२
मात्र तारेला वाघ आणि साळिंदर यांतला भेद कळत नाही. रानडुक्कर आले, वाट चुकलेली गाय आली, फांदी पडली, तरी शटर सुटणारच. प्रकाशचूर्ण एकदा उडाले की पुन्हा भरेपर्यंत कॅमेरा आंधळा. दव पडून चूर्ण सर्द झाले तर रात्र वाया. म्हणून दर चित्रामागे माणसाला पुन्हा जंगलात यावे लागे. यांत्रिक रिलीजने माणसाला क्षणापुरते दूर केले खरे, परंतु त्याला फार लांब जाऊ दिले नाही.

१५/२२
पुढची झेप विजेची. १९७६ मध्ये कॅननचा ‘एई-१’ आला. त्यात सूक्ष्मप्रक्रियक होता आणि शटर विद्युतचुंबकाने सुटे. बॅटरी संपली की कॅमेरा मुका. त्याच वर्षी आलेला पेंटॅक्स ‘के १०००’ आणि १९८२ चा निकॉन ‘एफएम२’ यांना बॅटरी लागे ती केवळ प्रकाशमापनासाठी. शटर तिच्याविना चाले. दोन विचारांतील ताण इतका खरा होता, की १९८० च्या निकॉन ‘एफ३’मध्ये शटर विद्युत असूनही, बॅटरी संपल्यास शटर सोडण्यासाठी एक यांत्रिक दांडी मुद्दाम ठेवली गेली. निर्मात्यांनाही विजेवर पूर्ण भरवसा ठेवणे जड जात होते.

१६/२२
एटापल्लीच्या निकषावर दोन्ही घासून पाहिले तर काय दिसते? तारेचा रिलीज चार्जिंग मागत नाही. पावसाळ्यात नद्या-नाले भरून वाटा बंद होणाऱ्या मुलखात हा मोठा गुण. परंतु त्याची लांबी थोडी, आतली तार ओलीने गंजते आणि दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. विद्युत रिलीज अर्ध्या दाबाने फोकस आणि प्रकाशमापन करतो, पूर्ण दाबाने चित्र घेतो, दूर बसून चालतो, रात्रभर ठरल्या वेळी चित्रे काढत राहतो. परंतु दमट हवेत त्याच्या जोडांवर गंज चढला की तो न सांगता थांबतो. शिवाय एका कंपनीची पिन दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात सहसा बसत नाही.

१७/२२
छंदापुरता हा निवाडा पुरेसा आहे. अरण्याच्या कारभारात मात्र कळीचा प्रश्न वाघांच्या मोजणीपर्यंत गेला. १९७२ मध्ये देशभर गणना झाली ती पाउलखुणांवरून. वनरक्षक काच ठेवून ठसा गिरवीत, प्लास्टरचा साचा घेत, आणि त्यावरून वाघ ओळखला जाई. आकडा निघाला १,८२७. ही पद्धत सर्वस्वी हाताची आणि नजरेची. ती नजर अनेकदा तल्लख असे. परंतु माती ओली की कोरडी, यावर एकाच पंजाचा ठसा बदले, आणि एकाने ओळखलेला वाघ दुसऱ्याला पडताळता येत नसे.

१८/२२
वाघाच्या अंगावरील पट्टे मात्र बदलत नाहीत, आणि दोन वाघांचे सारखे नसतात. १९६० च्या दशकात जॉर्ज शॅलर यांनी कान्हा येथे वाघ त्यांच्या खुणांवरून ओळखले. १९७० च्या दशकात चार्ल्स मॅकडूगल यांनी नेपाळच्या चितवनमध्ये, पाय पडताच चित्र घेणारे दाबपट्टीचे कॅमेरे वापरले. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे अवरक्त किरण तुटताच सुटणारे कॅमेरे लावून त्यांना संख्याशास्त्राची जोड दिली. पुढे चंद्रपूरचे ताडोबाही अशा अभ्यासात आले. सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर पाउलखुणांची पद्धत मागे पडली आणि २००६ पासून राष्ट्रीय गणनेत कॅमेरा ट्रॅप आले.

१९/२२
२०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. गिनीज बुकाने या विक्रमाची नोंद केली. त्यांपैकी वाघाची चित्रे ७६,६५१. म्हणजे सुमारे ४५५ चित्रांत एक वाघ. हा सारा डोलारा विद्युत रिलीजवर उभा आहे. आजचा संवेदक आसपासच्या हवेपेक्षा उबदार असलेल्या शरीराची हालचाल हेरतो. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात, हवा आणि शरीर यांचे तापमान जवळ आले की तो काहीसा मंदावतो. आणि ही उब कोणाची, हे त्याला कळत नाही. भेद न कळणारी तार गेली, भेद न कळणारा किरण आला.

२०/२२
माणूस खरोखर दूर झाला का? २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात गणनेसाठी खुणांची पाहणी करत पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. यंत्रे कितीही आली, तरी वाट चालणारे पाय माणसाचेच असतात. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोलीतील वडसा परिसरात ‘सीटी-१’ हा वाघ जेरबंद झाला. १३ माणसांच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला होता. अशा वेळी नेमका तोच वाघ कोणता, हे पट्ट्यांच्या छायाचित्रांवरून ठरवावे लागते. चूक झाली तर भलताच वाघ पकडला जातो आणि गावावरचे संकट तसेच राहते. कळ कोणीही दाबो, चित्र वाचणारी नजर माणसाचीच हवी.

२१/२२
आणि चित्रात वाघाऐवजी माणूस आला तर? उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचायला बायका पहाटेच्या अंधारात रानात जातात. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला घरेच्या घरे निघतात. वाघाची वाट आणि त्यांची वाट पुष्कळदा एकच. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात नकळत टिपले गेलेले एका स्त्रीचे छायाचित्र पसरवले गेले आणि संतप्त गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हे प्रकरण जगापुढे आणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगलावरील सामूहिक हक्क दिले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. ज्यांचे रान, त्यांना विचारून कॅमेरा लावणे ही त्या हक्काची सरळ मागणी आहे.

२२/२२
तेव्हा निवड अशी. तिपाईपाशी उभे राहून झाड, नदी, देवस्थान किंवा होकार दिलेल्या माणसाचे चित्र घ्यायचे असेल, तर तारेचा रिलीज पुरेसा आहे आणि आडवाटेवर अधिक विश्वासाचा. रात्र, अंतर किंवा दीर्घकाळ ठरावीक अंतराने टिपायचे काम असेल, तर विद्युत रिलीजला पर्याय नाही. जादा बॅटरी आणि ओलीपासून रक्षण मात्र हवे. परंतु हात कळीपासून जितका दूर जातो, तितके काम चित्राच्या आधी आणि नंतर वाढते: कॅमेरा कोठे लावायचा, कोणाला विचारून लावायचा, कोणते चित्र ठेवायचे आणि कोणते पुसायचे. मायब्रिजच्या घोडीने दोरा तोडला तेव्हापासून यंत्राने बोटाचे काम घेतले आहे. हे दुसरे काम अजून माणसाकडेच आहे. (समाप्त)